नव्या डब्यात वेगळं काय?

इचलकरंजीत सुताचे व्यापारी असलेल्या आबासाहेबांचा आवाज यंत्रमागालाही वरताण होता. एकाची चूक ते अख्ख्या ऑफिसला ऐकवत.

एकदा हिशेब सांभाळणाऱ्या विशाखाताईंनी कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारा जुना डबा काढून नवा स्विच बसवला. आबासाहेब सगळ्यांसमोर कडाडले, "डबा काढून डबाच लावलात! यात वेगळं काय? पटवून द्या, नाहीतर आत्ताच परत करा!"

विशाखाताई शांतपणे म्हणाल्या, "जुना डबा एकाचा निरोप सगळ्यांना ओरडून सांगायचा, त्यात सगळ्यांचंच काम खोळंबायचं. हा ज्याचा निरोप त्यालाच देतो, आबासाहेब."

आबासाहेब मिशीत हसले आणि विशाखाताईंच्या टेबलापाशी जाऊन हळूच काहीतरी बोलले.

"काय म्हणालात?" मागून तिघांनी एकदम विचारलं.

"तो निरोप तुमच्यासाठी नव्हता," आबासाहेब म्हणाले.