शर्यतीच्या सकाळी सोडलेली हवा

ज्या काळी गाड्यांचे सुटे भाग माणसांशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. शर्यतीसाठी एक लाल गाडी तयार होत होती. इंजिनाला ताकद वाढवणारा नवा टर्बो बसला होता, ते गरजलं की शेडचे पत्रे थरथरत. पुढच्या डाव्या टायरला मात्र आपल्या टणक, फुगलेल्या अंगाचा भारी तोरा.

शर्यतीच्या सकाळी हैबत मिस्त्रीनं त्याची हवा मोजली आणि थोडी सोडून दिली.

"अहो मिस्त्री, इंजिनाला ताकद देता आणि मलाच ढिला करता?" टायर कळवळला.

"रस्त्यानं तुला काय द्यायचं म्हटलं, तर आत जागा नको व्हय?" मिस्त्री म्हणाला.

इंजिन खो खो हसलं. टायर अपमान गिळून धावू लागला.

धावता धावता तो तापला, आतली हवा फुगत गेली. मग मोठं वळण आलं. टायरांत गच्च हवा भरलेली पुढची निळी गाडी घसरून धुळीत गेली. लाल गाडीचा सगळा भार डाव्या टायरवर आला, तसं त्याचं रबर डांबराच्या खड्या-खड्याला बिलगलं. एवढा प्रचंड वेग त्याच्या रस्त्याला टेकलेल्या तळहाताएवढ्या अंगावर तोलला गेला. टायर थक्क झाला. रस्ता इतका जवळ असतो, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

गाडी परत आली. "गड्या, त्या वळणावर आपल्याला धरलं कुणी?" इंजिनानं धापा टाकत विचारलं.

मिस्त्रीनं पुन्हा हवा मोजली. काटा सरकत गेला आणि सकाळी हवा सोडण्याआधी होता, नेमका तिथंच थांबला.

टायर त्या काट्याकडे बघतच राहिला.