मठातल्या पोरांची दृष्ट

निंबदरी गावाच्या वर, टेकडीच्या कुशीत केवलनाथ महाराजांचा मठ होता. मठ म्हणजे तरी काय? दार लावता येईल अशी एक दगडी ओवरी, एक विहीर आणि भोवती काट्याचं कुंपण. पण मंडळी, ज्या काळाची ही गोष्ट, त्या काळात मुलखात एवढं गजबजलेलं घर दुसरं नव्हतं! दोन सरदारांचं वैर पेटलं होतं. फौजा आल्या की उभी पिकं जायची, आणि फौजा गेल्या की मागून पेंढारी येऊन उरलीसुरली घरं जाळायचे. महाराज काठी टेकत त्या जळक्या गावांतून हिंडत आणि सापडेल ते लेकरू खांद्यावर घालून घेऊन येत. कोणाचं, कोणत्या जातीचं, कोणत्या बाजूचं, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. "भुकेलं आहे ना? मग आपलंच," असं म्हणत आणि झोळी घेऊन पीठ मागायला निघत.

या पोरांचं करायला होती चिमाबाई कुंभारीण. नवऱ्याला फौजेनं बिगारीला धरून नेलं, तो परत आला नाही. पोटी मूलबाळ नाही. महाराजांनी पहिलं लेकरू आणलं त्या दिवसापासून ती मठात राबत होती. कण्या शिजव, डोकी धू, जखमांना हळद लाव, सगळं करी. पण एका गोष्टीपुढं तिनं हात टेकले होते. अंधार पडायला लागला की पोरं थरथरायची. कोणी ओरडायचं, कोणी कोपऱ्यात तोंड खुपसायचं. साळू नावाची एक चिमुरडी तर तिचं गाव जळालं तेव्हापासून बोलतच नव्हती.

एक दिवस चिमाबाई रडत महाराजांकडं गेली. "म्हाराज, माझ्यानं बघवत न्हाई. मला मंतर येत न्हाई, पोथी येत न्हाई. मला आपली दृष्ट काढता येती तेवढी."

महाराज हसले आणि म्हणाले, "मग तीच काढ की! मंत्र म्हणणारे पुष्कळ आहेत, बाई. या पोरांची दृष्ट काढायला आई नाही."

झालं! रोज दिवेलागणीला पोरं ओळीनं बसू लागली. चिमाबाई मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेई, एकेकावरून ओवाळी आणि पुटपुटे, "आल्याची, गेल्याची, घोड्यावरल्याची, तलवारवाल्याची, ज्याची कुणाची लागली आसंल त्याची जळून जाऊ दे." मग मूठ चुलीत टाकी. तुम्हाला ठाऊकच आहे, दृष्ट लागलेली असली तर मिरचीचा ठसका लागत नाही असं आपल्या बायका म्हणतात. मठातल्या पोरांना कधी ठसका लागायचा नाही. चिमाबाई पदरानं डोळे पुसून म्हणे, "बघा, केवढी लागली हुती माझ्या वासरांना!"

पण एवढ्या पोरांना मिरच्या पुरणार कशा? त्या हंगामात ती मानाजीराव देशमुखांच्या खळ्यावर गेली. तिथं लालभडक मिरच्यांचे ढीग पडले होते, बायका त्या निवडत बसल्या होत्या. मानाजीराव म्हणजे गावचं बडं प्रस्थ. गढी त्यांची, शिपाई त्यांचे, आणि जीभ म्हणाल तर सुरीसारखी! पोरांची दृष्ट काढायला तिनं त्यांच्याकडं थोड्या मिरच्या मागितल्या.

"दृष्ट?" ते सगळ्या बायकांदेखत खो खो हसले. "अगं चिमे, दृष्ट लागायला रूप लागतं, वैभव लागतं. तुझ्या त्या उकिरड्यावरच्या शेंबड्यांना कोण दृष्ट लावणार? त्यांच्याकडं कुत्रं बघत नाही!" आणि निवडून बाजूला काढलेली पांढरी पडलेली फटकी मिरची त्यांनी पायानं तिच्याकडं ढकलली. "ने ही. भिकाऱ्यांना एवढी पुरे."

चिमाबाईच्या काळजाला घरं पडली. पण करणार काय? फटकी मिरची तर फटकी! पाटी भरून डोक्यावर घेतली आणि टेकडी चढली.

आणि त्याच आठवड्यात पेंढारी आले.

दिवस मावळतीला निघाला होता. खाली गावात आरोळ्या उठल्या, धूर उठला. गढीचे शिपाई भिंतीवरून उड्या टाकून पळाले. थोड्या वेळानं मठाच्या दारावर धाडधाड थापा पडल्या. चिमाबाईनं फट करून पाहिलं, तर मानाजीराव! डोईला पागोटं नाही, पायात जोडा नाही, धापा टाकताहेत. तिच्या मनात एकदा आलंच, राहू दे म्हाताऱ्याला बाहेर. पण महाराज मागून म्हणाले, "चिमाबाई, दारात भ्यालेलं माणूस आहे." तिनं त्यांना आत ओढलं आणि अडसर घातला.

घोड्यांच्या टापा टेकडी चढू लागल्या. पोरं एकमेकांना घट्ट बिलगली. मानाजीराव कोपऱ्यात बसून कापत होते. आता करायचं काय? ना शस्त्र, ना पळायला वाट!

महाराज मात्र शांतपणे चुलीपाशी बसले होते. ते म्हणाले, "आज दृष्ट काढायची राहिली का गं? काढ. सगळ्यांची एकदम काढ, आणि पाटी रिकामी कर."

चिमाबाईनं पाटीकडं पाहिलं. एवढी मिरची चुलीत? बंद ओवरीत? एक पोर खोकलं की सगळे गेले! पण महाराजांचा शब्द. तिनं मीठमोहऱ्या घेतल्या, पोरांवरून ओवाळल्या. मानाजीरावांपाशी आली तर त्यांनी हात झिडकारला. "मला नको तुझं ते!" पुटपुटले. तिनं चिमूटभर मीठ मुठीत तसंच ठेवलं आणि नाथांचं नाव घेऊन अख्खी पाटी विस्तवावर ओतली.

अरे देवा! काय तो धूर! ओवरी भरली, छपरातून उसळला आणि वाऱ्यानं थेट वाटेवर गेला. घोडी फुरफुरली, मागं सरली. स्वार खोकून खोकून बेजार झाले. "हे कुणीतरी आधीच पेटवलंय!" एक जण ओरडला. दुसरा म्हणाला, "थांब, आत माणसं असतील तर आवाज येईल. ऐक जरा."

आणि आत? आत एकाही पोराला ठसका लागला नाही! उघड्या डोळ्यांनी ती धुरात बसली होती, देवळात बसावं तशी. फक्त मानाजीरावांच्या घशात ठसका दाटला. चेहरा लालबुंद, डोळे बाहेर, दोन्ही हात तोंडावर. खोकला आता फुटणार, आणि सगळ्यांचा घात होणार, हे त्यांना कळत होतं. पण आवरत नव्हतं.

तेवढ्यात चिमाबाईचा पदर कुणीतरी ओढला. साळू! किती दिवसांनी तिच्या तोंडून शब्द निघाला, तोही कुजबुजत: "आजोबांची काढ. त्यांना पन लागलीया."

चिमाबाईनं मुठीतलं मीठ म्हाताऱ्याच्या उघड्या डोक्यावरून ओवाळलं. "घोड्यावरल्याची, तलवारवाल्याची..." या वेळी मानाजीरावांनी हात झिडकारला नाही. मीठ चुलीत तडतडलं, आणि त्यांच्या घशातला खोकला जागच्या जागी विरला.

बाहेरचा म्हणाला, "असल्या धुरात उंदीरसुद्धा जगायचा नाही. चला." टापा दूर दूर गेल्या.

दार उघडलं, वारा आत आला. मानाजीराव धडपडत उठले आणि महाराजांच्या पायांवर कोसळायला निघाले. महाराजांनी पाय मागं घेतले.

"मला कशाला, मानाजीराव? ज्यांच्याकडं कुत्रं बघत नाही, त्यांनी तुम्हाला बघितलं."

मग त्या गढीच्या धन्यानं चिमाबाईपुढं डोकं टेकलं, आणि नंतर चिमुरड्या साळूपुढं. "पोरी, मी तुला उकिरड्यावरची म्हणालो गं," असं म्हणून ते लहान मुलासारखे रडले. चिमाबाई त्यांना दंडाला धरून उठवू लागली. "उठा धनी, उठा. पोरं भ्यायची," एवढंच ती म्हणाली.

गढीचे दरवाजे त्यानंतर पोरांना मोकळे झाले. पुढच्या हंगामात मानाजीरावांनी खळ्यावरची सगळ्यात लाल मिरची स्वतःच्या डोक्यावरून मठात आणली. आणि रोज दिवेलागणीला साळू हाक मारी, "आजोबा, चला!" तेव्हा ते येत, पोरांच्या ओळीत शेवटी मांडी घालून बसत आणि चिमाबाईची मूठ वरून फिरेपर्यंत डोकं खाली घालून थांबत.