अरिंजय राजाचे न्हाण

एका राज्यात डोंगराच्या पोटात एक गुहा होती आणि त्या गुहेत सोने होते. सोने धूम्रकेश नावाच्या मांत्रिकाचे, हे सगळ्यांना ठाऊक होते. म्हणून गुहेला दार नव्हते, कुलूप नव्हते, आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या कोणी तिकडे फिरकत नसे. जे फिरकले ते परतले नाहीत.

त्या राज्याचा राजा अरिंजय. तरुण, देखणा, आणि 'जाऊ नका' म्हटले की हटकून जाणारा. त्याची धाकटी बहीण वेणुमती. आईबाप लवकर गेलेले. अरिंजयानेच तिला घोड्यावर बसायला शिकवले, तापात तिच्या उशाशी तोच बसला. तिला सारे जग एका शब्दात सापडायचे. तो शब्द 'दादा'.

शिकारीला गेलेला राजा एकदा त्या गुहेत शिरला. सोन्याच्या ढिगाला त्याने हात लावला नाही. गंमत म्हणून एक कंठी तेवढी उचलली आणि गळ्यात घातली. कंठी घालताच त्याचे हात जमिनीला टेकले. बरोबरची माणसे धावत आत गेली तेव्हा राजाच्या वस्त्रांत एक काळा, लांब केसांचा कुत्रा उभा होता. गळ्यातली कंठी काही केल्या निघेना. अंधारातून आवाज आला, "माझे सोने जो ल्याला, त्याने ते राखावे. आज ना उद्या हा स्वतःला विसरेल आणि आपल्या जागेवर येऊन बसेल."

कुत्र्याला राजवाड्यात आणले. वेणुमती त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, त्याच्या डोळ्यांत पाहिले, आणि तिची खात्री पटली. तिने त्याला सिंहासनावर बसवले, स्वतः शेजारी उभी राहिली. न्यायनिवाडा चालला की ती विचारी, आणि तो पंजा उचलून होकार देई, मान वळवून नकार. दरबार श्वास रोखून पाहत राही. राज्य चालले.

पण राजाने राजासारखेच राहिले पाहिजे, हे वेणुमतीच्या मनाने घेतले. सकाळी न्हाण, संध्याकाळी न्हाण. शिकेकाई, रिठा, चंदनाचे उटणे, शेवटी गुलाबपाणी. दासींवर विश्वास नाही, म्हणून ती स्वतः घासायची. कुत्र्याचा म्हणून जो वास असतो तो तिला सहन होत नसे; तो आला की दादा हातचा गेलासे वाटे. घासता घासता केसांचे तेज गेले. कातडीवर कोंडा धरला, मग खपल्या. तो रक्त येईपर्यंत खाजवायचा. आणि हळूहळू पंजा उचलायचे त्याला आठवेनासे झाले.

एका सकाळी वेणुमती घंगाळ घेऊन आली तर तो तिच्यावर गुरगुरला. मग तिच्याकडे पाठ फिरवून डोंगराच्या वाटेला लागला.

ती अनवाणी त्याच्यामागे धावली. ऊन चढले तरी धावत राहिली. गुहेच्या तोंडाशी पोचली आणि जागच्या जागी थिजली. आत कुत्रे होते. भिंतीलगत रांगेने बसलेले, तांबडे, पांढरे, करडे, कित्येकांच्या गळ्यात सोन्याची कंठी, आणि डोळे रिकामे. कोणी भुंकले नाही, कोणी शेपूट हलवली नाही. एवढे कुत्रे, आणि श्वासाचासुद्धा आवाज नाही. रांगेत एक जागा मोकळी होती. अरिंजय तिकडेच चालला होता.

वेणुमतीने झेप घेऊन त्याच्या गळ्याला मिठी मारली. ती घामाने निथळत होती, पाय धुळीने भरले होते. कुत्रा थबकला. त्याने तिचा खांदा हुंगला, मनगट हुंगले, आणि फार लांबून काही ऐकू यावे तशी मान तिरकी केली.

गुहेवरच्या उंबराच्या फांदीवर भारद्वाज पक्षी बसला होता. डोळे लाल, पंख तांब्याच्या रंगाचे. तो म्हणाला, "राजकन्ये, कुत्र्याचे नाव त्याच्या गंधात असते. तू ते रोज धुऊन टाकतेस. मग तो स्वतःला ओळखणार कसा?"

 वेणुमती भावाला घेऊन घरी आली, घंगाळे अडगळीत टाकली आणि हुकूम सोडला की महाराजांच्या अंगाला पाण्याचा थेंब लागता कामा नये, कोणी हात लावता कामा नये.

काही काळ सारे छान झाले. कातडी भरून आली, केसांवर तेज चढले, आणि अरिंजय पुन्हा पंजा उचलू लागला. वेणुमतीला वाटले, संपले. पण तो कुत्रा रानात हुंदडे, ओढ्यात लोळे. काटेकुसळे केसांत अडकली, तशीच राहिली. गुंता झाला, गुंत्याच्या जटा झाल्या, जटांखाली गोचिडी आल्या. कानांतून पू वाहू लागला. नखे वाढून वळली, तो लंगडू लागला. आणि जटा कंठीत शिरल्या. सोने केसांना चिकटले, केस सोन्याला, आणि कंठी दर दिवशी आवळत गेली. कात्री लावली तर कात्रीच मोडली. अरिंजयाला श्वास पुरेना.

वेणुमती महालाच्या गच्चीवर जाऊन उभी राहिली आणि तिने भारद्वाजाला हाक मारली. तो आला.

"धुतले तर तो विसरतो," ती म्हणाली. "न धुतले तर मरतो. मी काय करू?"

"तीन कामे कर," पक्षी म्हणाला. "फणी आण. पाणी आण. आणि मग थांब."

फणी होती काटेरी रानात, एका म्हाताऱ्या सायाळीजवळ. ही सायाळ हत्तीएवढी होती आणि तिच्या पाठीवरचे काटे भाल्याएवढे. ती म्हणाली, "माझ्या पाठीवरून हात फिरव. रक्त न सांडता फिरवलास तर काटे देईन." वेणुमतीने घाईने हात पुढे केला आणि तळवा फाटला. दुसऱ्यांदा केला, पुन्हा फाटला. मग ती नुसती पाहत बसली. काटे कुठे झुकतात, कुठे वळतात, कुठे भोवरा धरतात, हे पाहिले. मग टोकांपासून सुरुवात करून, ज्या अंगाला काटे झुकले त्याच अंगाला, हलके हलके हात नेला. सायाळीने डोळे मिटले. तिच्या अंगावरून काटे आपोआप गळले, जमिनीवर पडताच बोटभर झाले, आणि वेणुमतीने त्यांची फणी बांधली.

पाणी होते दोन कुंडांत, मध्ये कातळ. एका कुंडातली आसरा, म्हणजे जलदेवता, पाणी उकळत ठेवी, दुसऱ्या कुंडातली गोठवत. दोघी सख्ख्या बहिणी, आणि कधी काळी भांडलेल्या. एक म्हणाली, घ्यायचे तर माझेच घे. दुसरी म्हणाली, माझेच घे. वेणुमतीने कोणाचेच नाव घेतले नाही. कातळावर बसून तिने एक हात उकळत्या कुंडात घातला, एक गोठणाऱ्या. एक हात भाजला, एक बधिर झाला, पण तिने एकही बाहेर काढला नाही.

"का सोसतेस?" दोघींनी एकदमच विचारले.

"ज्याला न्हाऊ घालायचे त्याला यातले एकही सोसणार नाही," ती म्हणाली. "म्हणून."

कातळ मधोमध तडकला. दोघींचे पाणी एकमेकांत शिरले, आणि त्या जागी एक झरा उभा राहिला, कोपर बुडवले तर सुखावेल इतकाच कोमट. त्याच्या धारेत कितीतरी वर्षांनी दोन बहिणींचे हसू ऐकू आले. वेणुमती रडत रडत घागर भरू लागली.

तिसरे काम होते थांबण्याचे. पक्ष्याने सांगितले होते, अमावास्येपासून पुढच्या अमावास्येपर्यंत रोज फणी फिरव. पाणी मात्र त्या शेवटच्या दिवशीच.

मग वेणुमती रोज भावाजवळ बसू लागली. टोकाकडून मुळाकडे एकेक गुंता सोडवू लागली. न सुटणारा असेल तर बोटांनी मोकळा करायची, ओढायची नाही. गोचिडी वेचल्या, कान मऊ फडक्याने पुसले, नखे थोडी थोडी कापली. पंजे चिखलाने भरले तर ओल्या फडक्याने पुसून सोडून दिले. पहिल्यांदा तो कळवळे. नंतर फणी दिसली की स्वतःच येऊन कूस टेकू लागला. त्याचा श्वास मोकळा झाला. आणि वेणुमतीच्या ध्यानात आले की त्याचा वास आता तिला खुपत नाही. डोळे मिटूनही तो खोलीत आला हे तिला कळे.

अमावास्या जवळ आली तेव्हा शेजारच्या राज्याचे वकील तहासाठी दरबारात आले. त्याच सकाळी अरिंजय नदीवर मेलेल्या माशांत लोळून आला होता. वकिलांनी शेल्याचे पदर नाकाला लावले, एकमेकांकडे पाहून हसले. प्रधानजी घामाघूम झाले. त्यांनी वेणुमतीला बाजूला नेऊन विनवले, एकदाच न्हाऊ घाला, राज्याची लाज राखा, नाहीतर हे लोक सीमेवर सैन्य आणतील.

वेणुमतीने घागरीकडे पाहिले. पाणी होते, हात होते. पण तिने घागरीवर झाकण ठेवले.

"महाराज आज कुत्रा आहेत," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "त्यांना कुत्र्याचाच वास येईल. ज्यांना सोसत नाही त्यांनी खुशाल उठावे."

अरिंजयाने पंजा उचलला. वकिलांचे हसू ओठांवरच विरले, आणि तह ठरल्याप्रमाणे झाला.

अमावास्येच्या दिवशी, भर दुपारी, नदीकाठच्या उन्हात वेणुमतीने त्याला न्हाऊ घातले. आधी फणी, मग पाणी, थोडा रिठा, पुन्हा पाणी, डोळ्यांना आणि कानांना जपून. कोरड्या पंच्याने टिपून घेतले. एकही गुंता नसलेल्या केसांवरून कंठी घसरली आणि वाळूत पडली. वेणुमतीने मान वर केली तर समोर तिचा दादा बसला होता, पंचा पांघरून, आपले हात उलटसुलट करून पाहत.

"वेणू," तो म्हणाला. "मला तुझा वास आठवत होता. बाकी सगळे गेले होते."

तिने त्याचे हात हातात घेतले. आणि तेवढ्यात तिने डोंगराकडे पाहिले.

गुहेतले कुत्रे खाली येत होते. रांगेने, आवाज न करता, कोमट पाण्याचा वास धरून ते नदीकाठी आले आणि वाळूत बसले. वेणुमतीने फणी उचलली. अरिंजयाने घागर उचलली. दिवस मावळेपर्यंत बहीणभाऊ एकेकाला विंचरत होते, न्हाऊ घालत होते. कंठ्या वाळूत पडत गेल्या आणि माणसे उभी राहत गेली. कोणी आजोबा-पणजोबांच्या काळातले, कोणी त्याआधीचे, जुनी बोली बोलणारे. घागरीतले पाणी सरले नाही.

धूम्रकेश धुरासारखा डोंगरावरून उतरला. "माझे राखणदार कोणी बोलावले?"

"कोणीच नाही," राजा म्हणाला. "तुमचे सोने तुमचे तुम्ही घेऊन जा."

मांत्रिकाने कंठ्या उचलल्या, ओंजळीत मावेनात म्हणून एकेक गळ्यात घातल्या, आणि वाकत वाकत डोंगर चढू लागला. गुहेशी पोचला तेव्हा तो चारी पायांवर होता. सोने राखायला तो एकटाच उरला.

वाळूत एक कुत्रा अजून बसून होता. भुरा, एक कान मोडलेला. त्याला विंचरले, न्हाऊ घातले, तरी तो कुत्राच राहिला. वेणुमतीने त्याचा गळा चाचपला. कंठी नव्हतीच. तेव्हा सर्वांत जुना म्हातारा पुढे आला आणि त्याच्याजवळ कोसळल्यासारखा बसला. तो म्हणाला, हा माझा. मी गुहेत शिरलो तेव्हा माझ्यामागून आला होता. कोणी अडवले नव्हते त्याला. कधीही परत जाता आले असते.

 एवढी युगे त्या गुहेत शापावाचून बसलेला तो कुत्रा म्हाताऱ्याचा हात चाटत होता.

"माये," म्हातारा वेणुमतीला म्हणाला, "याला न्हाण केव्हा केव्हा घालावे?"

"फणी रोज फिरवा, आजोबा. न्हाण महिन्यातून एकदा पुरे. मध्ये चिखलात लोळला तर तेव्हा. पाणी कोपराला सोसेल तेवढेच, आणि नंतर चांगला कोरडा करा." तिने कुत्र्याचा मोडका कान कुरवाळला. "आणि त्याचा वास त्याला राहू द्या."

म्हाताऱ्याने कुत्र्याच्या डोक्यात नाक खुपसले आणि दीर्घ श्वास घेतला. मग दोघे उठून गावाच्या वाटेला लागले.

राजा गादीवर आला, राज्याची घडी बसली. त्या बहीणभावांचे गुंते सुटले, तसे ऐकणाऱ्यांच्या घरचेही हलक्या हाताने सुटोत.