बंडाचा नारळ

रणधुमाळ महाराजांच्या राज्यात बंड म्हणून होत नव्हतं, आणि महाराजांना त्याची भारी लाज वाटत होती.

त्याचं झालं असं, की सातासमुद्रापलीकडचा एक फिरस्ता दरबारात जगभरातली बंडं रंगवून सांगून गेला. कुठे भाकरी महागली म्हणून लोकांनी राजाचा तुरुंगच फोडला, कुठे करावरून चिडून चहाच्या पेट्या समुद्रात बुडवल्या, कुठे गुलामांनी अख्खं साम्राज्य गदागदा हलवलं. आणि अशी बंडं मोडून जे सम्राट उरले, त्यांनी म्हणे मोठमोठे विजयस्तंभ उभारले. झालं! महाराजांनी स्तंभाचा दगड घडवून घेतला, विजयाचे लाडूसुद्धा वळायला लावले, आणि मग कुठे त्यांच्या ध्यानात आलं, की मोडायला बंडच नाही.

पण राजहट्ट तो राजहट्ट. बोरखिंडी गावाला हुकूम सुटला: येत्या पौर्णिमेला बंड करा. केलंत, तर बंडखोर म्हणून गावावर हत्ती घालू. नाही केलंत, तर हुकूम मोडला म्हणून हत्ती घालू.

इकडे आड, तिकडे विहीर. सगळं गाव पारावर डोकं धरून बसलं. त्यात गुरवाची मुलगी येसूही होती. तिच्या बापानं नुकतंच घर नव्यानं शाकारलं होतं. ते हत्ती तुडवणार या विचारानं तिला आधी रडू आलं आणि मग महाराजांचा सणसणून राग आला.

तेवढ्यात पाटील आणि देशमुख भांडायला लागले. कशावरून? तर बंड करावंच लागलं, तर त्याचा नारळ कुणी फोडायचा यावरून! बोरखिंडीत नारळाशिवाय कशाचीही सुरुवात होत नसे, आणि ज्यानं नारळ फोडला, ते काम त्याच्या नावावर लागे. गावच्या विहिरीचा नारळ पाटलांनी फोडला होता. पाणी लागलं नाही, तर बायका अजून रिकाम्या घागरी पाटलांच्याच दारात आपटून जात. तरी मान दोघांनाही हवाच. जित्याची खोड, दुसरं काय?

त्यांचं ते भांडण ऐकता ऐकता येसूचं रडू थांबलं. डोळे पुसून ती दोघांपुढे गेली आणि म्हणाली, "पाटीलबाबा, देशमुखकाका, पौर्णिमेला असेच भांडा. मिटवू मात्र नका."

इतकं सोपं काम त्या दोघांना जन्मात कुणी सांगितलं नव्हतं.

पौर्णिमेला सकाळीच महाराज हत्तीवरून आले. मागे फौज, फौजेमागे लाडवांच्या गाड्या. गावकरी मुसळं, लाटणी, कोयते घेऊन देवळापुढे उभे. हलगी वाजतेय, पण बंड काही सुरू होईना. ऊन चढलं. चिलखतात महाराजांची पार उकड झाली. त्यांनी खाली उतरून दरडावून विचारलं, घोडं अडलंय कुठे?

येसू नारळाचं ताट घेऊन पुढे आली. बंडाची जय्यत तयारी आहे, ती म्हणाली, पण मानाचं ठरत नाही. मागे असंच ठरलं नाही, तर देवळाचा कळस चढायचाच राहिला. महाराजांनी पाहिलं, तर कळस खरंच अंगणात पडलेला आणि त्यावर एक कोंबडी बसलेली. पलीकडे पाटील-देशमुख एकमेकांचे पणजोबा काढत होते.

महाराजांचा पारा चढला. "मी इथं उभा असताना या दोघांना कसला आलाय मान? आण तो नारळ!"

आणि त्यांनी एका दणक्यात नारळ फोडला. लोक घोषणा द्यायला लाजू लागले, तेव्हा महाराजांनी स्वतःच मूठ उगारून पहिली घोषणा ठोकली, "जुलमी राजाचा धिक्कार असो!" मग समाधानानं ते सेनापतीकडे वळले आणि म्हणाले, मोडा आता हे बंड.

"थांबा, सेनापती," येसू म्हणाली. "बंडाच्या पुढाऱ्याला आधी हत्तीच्या पायी द्यायचं, असाच कायदा आहे ना?"

सेनापतीनं मान डोलावली.

"मग धरा त्याला. आमच्या गावात ज्याचा नारळ, त्याचं काम."

सेनापतीनं महाराजांच्या हातातल्या करवंटीकडे पाहिलं. मग हत्तीकडे पाहिलं. मग तलवार म्यान करून तो नुसताच खोकत राहिला.

"मी?" महाराज चाचरले. "माझ्याच विरुद्ध?"

"महाराज, राजांविरुद्ध बंडं जगात पुष्कळ झाली. राजानं स्वतःविरुद्ध केलेलं मात्र आमच्या ऐकण्यात हे पहिलंच. आता स्वतःला तेवढी माफी द्या, की मोडलं बंड. स्तंभही तुमचा आणि गावही शाबूत."

महाराज आधी लालबुंद झाले. मग त्यांची मिशी हलली, पोट हललं, आणि ते असे खदाखदा हसले की कळसावरची कोंबडी उडाली. त्यांनी तिथल्या तिथे स्वतःला माफी दिली, येसूच्या घरावर गवताऐवजी पक्की कौलं घालायचा हुकूम सोडला आणि सगळे लाडू गावाला देऊन टाकले.

पंगत बसली. पण पहिला लाडू कुणी उचलायचा, यावरून पाटील आणि देशमुखांची पुन्हा जुंपली. सगळ्या गावानं आशेनं महाराजांकडे पाहिलं.

महाराजांनी झटकन दोन्ही हात पाठीमागे लपवले. "नाही हो! तुमच्या गावात मी आता काहीही सुरू करणार नाही."