टिचकी मुंगी आणि पाहुणा टीव्ही

टेबलाखाली राहायची एक इवलीशी मुंगी. नाव तिचं टिचकी. त्या घरातली मुग्धा रोज टीव्हीवर आईनं गायलेलं गाणं ऐकायची आणि बेसनाचा लाडू खायची. टुपकन एक कण खाली पडायचा. तो टिचकीचा!

एके दिवशी घरात नवाकोरा टीव्ही आला. आई गेली कामावर. आणि गाणं काही लागेना! मुग्धा रडायला लागली. लाडू तसाच. टिचकीचं पोट रिकामं.

"मुग्धाताई, मुग्धाताई, लाडू खा ना!"

"गाणं लागेना, मी खाईना!"

तुरु तुरु तुरु! टिचकी गेली टीव्हीकडे.

"टीव्हीदादा, टीव्हीदादा, गाणं लाव ना! गाणं लागेना, मुग्धा खाईना, मला कण मिळेना!"

"गाणी पेटीत. पेटी मला दिसेना!"

"बरं झालं सांगितलंस हं, दादा!"

तुरु तुरु तुरु! कोपऱ्यात गाण्यांची पेटी, घरातली सगळी गाणी साठवून ठेवणारं यंत्र. घुर्र घुर्र!

"पेटीमावशी, पेटीमावशी, टीव्हीला दिस ना! पेटी दिसेना, गाणं लागेना, मुग्धा खाईना, मला कण मिळेना!"

"मी केव्हाची हाका मारतेय गं! राउटर हाक पोचवेना!"

"बरं झालं सांगितलंस हं, मावशी!"

तुरु तुरु तुरु! भिंतीवर राउटर. लुकलुक लुकलुक!

"राउटरकाका, राउटरकाका, हाक पोचवा ना! हाक पोचेना, पेटी दिसेना, गाणं लागेना, मुग्धा खाईना, मला कण मिळेना!"

"पेटी घरच्या वायफायवर. टीव्ही पाहुण्यांच्या वायफायवर. घरातली हाक पाहुण्याला कशी देऊ? बाबा त्याला घरचा करेनात!"

"बरं झालं सांगितलंत हं, काका!"

तुरु तुरु तुरु! टिचकी चढली बाबांच्या हातावर.

"बाबा, बाबा, टीव्हीला घरचा करा ना! टीव्ही घरचा होईना, हाक पोचेना, पेटी दिसेना, गाणं लागेना, मुग्धा खाईना, मला कण मिळेना!"

बाबांनी कपाळावर हात मारला. "अरेच्चा! नवा आला, म्हणून मीच त्याला पाहुण्यांत बसवला की!"

बाबांनी रिमोट दाबला. टक टक टक!

टीव्ही घरचा झाला. राउटरनं हाक पोचवली. पेटी दिसली. गाणं लागलं. आईचा आवाज आला! मुग्धा हसली. मुग्धानं लाडू खाल्ला. टुपकन कण पडला!

"भलं होवो बाबांचं! भलं होवो काकांचं! भलं होवो मावशीचं! भलं होवो दादाचं!" म्हणत टिचकीनं कण उचलला.

तेवढ्यात मुग्धा खाली वाकली. "टिचकी, टिचकी, तू होतीस म्हणून माझं गाणं लागलं!"

आणि तिनं आपल्या हातानं टिचकीसमोर लाडवाचा तुकडा ठेवला. एवढा मोठ्ठा, एवढा मोठ्ठा, की टिचकीला उचलवेना!