दमयंती सिस्टरांचं लॉगिन

"...पण सर, मग नोंद ठेवायचीच कशाला?"

तांबोळीसरांनी डोळे उघडले नाहीत. एका मोठ्या रुग्णालयाचे संगणक सांभाळण्यात त्यांचा जन्म गेला होता. आता निवृत्ती जवळ आली होती आणि अंगात वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं.

शिष्य ऋतुपर्ण मात्र ताजातवाना. कोणी संगणकावर काय उघडायचं आणि काय नाही, याचे नवे नियम त्यानेच बसवले होते. त्याचा त्याला भारी तोरा.

वॉर्डात एका पेशंटला भलतंच इंजेक्शन गेलं होतं. पेशंट वाचला. पण औषधाची नोंद दमयंती सिस्टरांच्या लॉगिनवरून झाली होती. अहवाल वर गेला की त्यांची नोकरी जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं.

"सिस्टर काय म्हणतात?" सरांनी विचारलं.

"मी तेव्हा जेवायला गेले होते म्हणतात. काम अडू नये म्हणून हाताखालच्या नर्स मुलींना पासवर्ड सांगून ठेवला होता."

"मग?"

"मग काय सर? पासवर्ड द्यायचा नाही हा नियमच आहे. ज्याचं लॉगिन, तोच माणूस. आपण एवढंच बघायचं."

सरांनी मान खुर्चीला मागे टेकवली.

दमलेल्या माणसाला जरा स्वस्थ बसू द्यावं, हे काही पोरांना कळत नाही.

"अहवाल तयार आहे सर. तुमची मंजुरी तेवढी हवी."

"बरं. उघड."

ऋतुपर्णने सरांचा कीबोर्ड पुढे ओढला आणि न बघता पासवर्ड टाकला. सांधेदुखीने सरांची बोटं वळत नसत, म्हणून रोज सकाळी तोच टाकायचा. पडद्यावर सरांचं नाव आलं. त्याखाली मंजुरीचं बटण.

"दाबता ना सर?"

सरांनी हात मांडीवर ठेवले. खुर्ची मागे घेतली.

"तूच दाब."

"मी कसं दाबू? मंजुरी तुमची लागते."

"नाव कुणाचं आहे तिथं?"

"तुमचं."

"मग झालं तर."

ऋतुपर्णचं बोट बटणापाशी गेलं आणि तिथंच राहिलं. मग त्याने हात मागे घेतला.

"पण सर," तो हळूच म्हणाला, "मी म्हणजे तुम्ही नाही."

सरांनी मानेनेच पडद्याकडे खूण केली.

"सांग त्याला तसं. ऐकतोय का बघ."