तोंड नसलेले वाळे

फार पूर्वी, डोंगरपायथ्याच्या एका गावात चांदीचे दागिने घडवणारी एक सोनारीण राहत होती. हाताने कसबी आणि तोंडाने फटकळ. "मी कोरलेल्या वेलीवर फुलपाखरू बसलं नाही, तर दागिना परत आणा," असं ती गिऱ्हाइकांना बजावायची. अजून कोणी परत आणला नव्हता.

एकदा गावच्या देशमुखीणबाईंनी नातवाच्या बारशासाठी तिला वाळे करायला सांगितले. आता, तान्ह्या बाळाच्या वाळ्याला नेहमी तोंड ठेवतात. म्हणजे कडं पुरतं जोडत नाहीत. बाळाचा पाय भरला की ते थोडं फाकवता येतं. सोनारणीला तिच्या आईने हे पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पण या वेळी तिने वाळ्यांवर जुईची वेल कोरली आणि ती इतकी सुरेख उतरली, की मध्येच तोडायचा तिला जीव होईना. तिने दोन्ही टोकं जोडून टाकली. वेल अखंड फिरली.

बारशाला तेल लावून ते वाळे बाळाच्या मऊ पायांत चढवले. बघायला सारा गाव लोटला. बातमी राजवाड्यापर्यंत गेली आणि निरोप आला, "येत्या पौर्णिमेला राणीसाहेब स्वतः वाळे बघायला येतील. काम मनास आलं, तर सोनारणीला राजवाड्याची कारागीर नेमतील."

सोनारीण हरखून गेली. असा मान तिच्या घराण्यात कोणालाच मिळाला नव्हता.

पौर्णिमेच्या आदल्या सकाळी बाळाच्या पायाला गांधीलमाशी चावली. पाय टम्म सुजला, वाळा रुतला, बोटं निळसर पडू लागली. बाळाने रडून घर डोक्यावर घेतलं. सोनारीण धावत आली. तेल लावून झालं, रिठ्याचा फेस लावून झाला. वाळा हलेना.

"उद्या राणीसाहेब यायच्यात," जमलेल्यांतला एकजण म्हणाला. "सूज काय, संध्याकाळपर्यंत उतरेल."

डोळ्यांत पाणी आणून देशमुखीणबाई सोनारणीकडे बघत राहिल्या.

सोनारणीने एकवार वेलीकडे पाहिलं. असं काम पुन्हा हातून होईल की नाही, तिला ठाऊक नव्हतं. मग तिने बाळाच्या बोटांकडे पाहिलं आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

"माझी बारीक करवत आणा," ती म्हणाली. "आणि मध्ये कोणी बोलू नका. घडवला मी, कापणारही मीच."

तिने वाळ्याखाली चामड्याची पट्टी सरकवली आणि वेल बरोबर मधोमध कापली. वाळा फाकवून पायातून काढला. मग सूज नसलेल्या पायातला दुसरा वाळाही तिने तसाच कापला.

दुसऱ्या दिवशी राणी आली. कापलेले वाळे हातात घेऊन तिने विचारलं, "एवढी सुंदर वेल तोडलीस का?"

"चूक माझीच, राणीसाहेब," सोनारीण ताठ मानेने म्हणाली. "वेलीच्या कौतुकात मी पाय विसरले. पाय वाढतो, चांदी वाढत नाही. वाळे आता बघण्यासारखे राहिले नाहीत. पण बाळ बघा, कसं पाय झाडून खेळतंय."

राणीने बाळाच्या मोकळ्या पायांवरून हात फिरवला. मग तिने लुगड्याचा काठ जरासा वर केला. पायात नक्षीदार तोडा घट्ट रुतला होता. भोवतालची कातडी काळी पडली होती.

"लग्नातला आहे," ती हळूच म्हणाली. "वीस वर्षं टोचतोय. आमचे कारागीर म्हणतात, एवढी नक्षी कापवत नाही. तू कापशील?"

"बसा," सोनारीण म्हणाली आणि तिने करवत उचलली. "पाय पुढे करा."

राजवाड्याची कारागीर तीच झाली. पण त्याआधी देशमुखांच्या वाळ्यांच्या कापलेल्या टोकांवर तिने जुईच्या दोन-दोन कळ्या बसवून दिल्या. बाळ वाढत गेलं, तसतशा त्या कळ्या एकमेकींपासून लांब होत गेल्या आणि प्रत्येक वेळी सोनारीण वाळे हौसेने फाकवून द्यायची.

तात्पर्य: घडवलेली वस्तू कितीही सुंदर असो, ती ज्याच्यासाठी घडवली त्याच्याहून मोठी नसते.